आमच्या मोहोळच्या जुन्या वाटा



सोलापूर आणि मुंबई यांच्या दरम्यान 'वंदे भारत' नांवाची जलद गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झाली. सोलापूर सोडल्यावर थोड्याच वेळांत ती आमच्या मोहोळ स्टेशनावरून जाते. पण थांबत नाहीं. फलाटावर उभा असलेला मनुष्य सांवरून पाहतो न पाहतो तोंच ती दिसेनाशी होते. याबद्दल आमच्या गांवांत अधूनमधून कुरकुर ऐकूं येते. अशा वेळीं मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगतों कीं, बाबांनो, एक काळ असा होता कीं मुंबईच्या बाजूनें येणाऱ्या आगगाडीला मोहोळास थांबण्यावांचून गत्यंतरच नव्हतें. कारण पुढें रूळच नव्हते!

हें मी विनोदानें म्हणत असलों तरी तें खोटें नाहीं. १८६० सालच्या प्रारंभीं लोहमार्ग बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, मोहोळपर्यंत आला. आणि त्याच वर्षीं ६ जून रोजीं तो सोलापुरास पोंचला. मधले कांहीं महिने मोहोळ हें या लोहमार्गाचें शेवटचें टोक होतें. त्या गोष्टीच्या निमित्तानें, आगगाडी येण्यापूर्वीं व आल्यानंतर आमच्या मुलुखांतील माणूस आणि माल कसा हलत असे, आणि एवढी सुधारणा होऊनही काय राहून गेलें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे योजिलें आहे.

मोहोळ हें सोलापूरच्या वायव्येस सुमारें वीस मैलांवरील गांव. तालुक्यांतून सीना नदी वाहते आणि दक्षिणेच्या अंगास भीमा आहे. पाऊस बेताचा, आणि तोही लहरी. जमीन पुष्कळ ठिकाणीं काळी व चिकण. या मातीनें आम्हांस जोंधळा दिला खरा, पण वाट देण्याच्या बाबतींत तिनें नेहमीं हात आंखडता घेतला. उन्हाळ्यांत तिला वीत वीत भेगा पडतात. आणि दोन चांगल्या सरी कोसळल्या कीं तीच माती गाडीच्या चाकाला, बैलाच्या खुरांना आणि माणसाच्या वहाणांना अशी लपेटून बसते कीं, पाऊल उचलणेंच कठीण होतें. म्हणून जुन्या काळीं आमच्याकडे वर्षाचे दोन भाग मानीत : वाट चालण्याचे आठ महिने आणि वाट बंद असण्याचे चार. लग्नकार्यें, मोठे बाजार, देण्याघेण्याचे व्यवहार हीं सारीं दसऱ्यानंतर. मराठ्यांच्या मोहिमाही दसऱ्याचें सीमोल्लंघन झाल्यावर निघत, त्याच्या मुळाशीं धर्माइतकाच हा चिखलही होता, हें इतिहास शिकविणाऱ्यानें विसरूं नये.

नद्यांवर पूल नव्हते. पाणी उतरलेलें असलें म्हणजे उतारानें पार व्हावयाचें. पाणी चढलें म्हणजे कोळ्याच्या नावेची वाट पाहावयाची. आणि नावही नसली तर वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेल्या सांगडीवर जीव सोंपवावयाचा. नदीला पूर असतां पैलतीराचें आमंत्रण, पैलतीराचा वैद्य आणि पैलतीराचें माहेर हीं सारींच परदेशांत गेल्यासारखीं होत.

प्रवासाचें सर्वांत मोठें साधन म्हणजे माणसाचे पाय. श्रीमंतांना पालखी-मेणा, सरदार-शिलेदारांना घोडें, व्यापारी-कुलकर्ण्यांना तट्टू, आणि उरलेल्या शेंकडा नव्वद लोकांना खांद्यावर घोंगडी, काठीला अडकविलेली पडशी व फडक्यांत बांधलेली भाकर. धर्मशाळा, बारव किंवा झाडाखालचा पार हाच मुक्काम. रोज पांच-सहा कोस चालावें तेव्हां मोहोळाहून पुण्यास पोंचण्यास दहा-बारा दिवस लागत. पंढरपूर सुमारें चोवीस मैल, म्हणून तेवढें मात्र दोन दिवसांत होई. आणि माझ्या समजुतीनें आमच्या भागांतील सामान्य बायकांनीं माहेर-सासरखेरीज जन्मांत पाहिलेलें एकमेव गांव म्हणजे बहुधा पंढरपूरच असे.

माल नेण्याचें काम मुख्यतः लमाणांकडे होतें. लमाणांचा तांडा म्हणजे चालतें गांवच. शेंकडों, प्रसंगीं हजारों बैल. प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही अंगांस लोंबणाऱ्या गोणी. पुढारी बैलाच्या शिंगांना कवड्यांचीं गोंडेदार भूषणें व गळ्यांत घंटा. मागें बायकामुलें, कुत्रीं आणि सर्वांवर हुकमत चालविणारा नाईक. कोंकणांतून मीठ वर आणावें आणि देशावरून धान्य खालीं न्यावें, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. एका बैलाच्या पाठीवर अडीच-तीन मण ओझें चाले. या वाहतुकीचें वैशिष्ट्य असें कीं, तिला सडक लागत नसे. बैल वाटेंतल्या गवतावर चरत आणि वाटेंतल्या ओढ्यावर पाणी पीत, म्हणून भाडेंही परवडे.

परंतु याच वैशिष्ट्यांत तिचें मरण होतें. ज्या वर्षीं पाऊस पडत नसे, त्या वर्षीं वाटेवर गवत नसे व ओढ्याला पाणी नसे. म्हणजे ज्या वर्षीं धान्याची गरज सर्वांत अधिक, नेमकें त्याच वर्षीं धान्य आणणारा बैल पाऊल टाकूं शकत नसे. पन्नास कोसांवर कोठारें भरलेलीं असावींत आणि येथें माणसांनीं झाडांचा पाला खावा, असा प्रकार त्यामुळें होई.

आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. दुष्काळांत त्यांनीं बादशहाचें धान्याचें कोठार भुकेल्यांसाठीं उघडलें, आणि विठ्ठलानें विठू महाराचें रूप घेऊन बेदरास त्याचे पैसे भरले. कथेंतील चमत्कार भाविकांनीं आपल्या ठिकाणीं ठेवावा. मी आयुष्यभर इतिहास शिकवीत आलों, म्हणून माझें लक्ष दुसरीकडे जातें. त्या कथेंत धान्य कोठेंही पाठविलें जात नाहीं. लोक चालत चालत कोठारापाशीं येतात. अन्न माणसांकडे जात नसे. माणसें अन्नाकडे जात, आणि ज्यांच्या पायांत तेवढें बळ उरलेलें नसे तीं वाटेंतच राहत. जुन्या दळणवळणाचा सारा जमाखर्च या एका कथेंत आला आहे, असें मला वाटतें.

फेब्रुवारी १८१८ मध्यें दुसऱ्या बाजीरावाच्या मागें लागलेल्या इंग्रजी फौजेशीं आष्टी येथें लढाई झाली आणि तींत सेनापति बापू गोखले पडले. हें आष्टी आज आमच्याच तालुक्यांत आहे. त्यानंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. नव्या सरकारास दोन गोष्टी हव्या होत्या : तोफा हलविण्यास रस्ता आणि सारा वसूल होण्यास बाजार. १० नोव्हेंबर १८३० रोजीं, सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असतां, बोरघाटांतील गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून निघालेलें चाक प्रथमच सरळ देशावर चढूं लागलें. पुणें-सोलापूर सडकेला खरें महत्त्व आलें तें त्यानंतर.

पण रस्ता झाला तरी त्यावर चालावयास गाडी कोठें होती? आज आपणांस वाटतें कीं, बैलगाडी आपल्याकडे अनादि काळापासून घरोघर आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. १८३६ च्या सुमारास इंदापूरकडील भागांत ज्या थोड्याशा गाड्या होत्या, त्या अवजड व ओबडधोबड. आणि त्यांचीं चाकें चक्क अखंड दगडाचीं असत! ती हलविण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत, म्हणून शेतांतलें खत, पीक किंवा बांधकामाचा दगड जवळपास नेण्यापलीकडे तिचा उपयोग नसे. त्याच सुमारास इंदापुराकडे जमीनमोजणीचें काम चाललें होतें. त्या वेळच्या लेफ्टनंट गेसफर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें हलकी व मजबूत अशी नव्या धर्तीची गाडी प्रचारांत आणली, आणि ती तयार करण्याचा कारखाना आमच्या जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें त्याच्या देखरेखीखालीं चालला. पुणें-सोलापूर सडकेनें जातांना टेंभुर्णीस चहा घेणाऱ्या किती प्रवाशांना याची कल्पना असेल बरें?

या गाडीचें चाक म्हणजे एक शास्त्रच आहे. मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, बाहेरचा लांकडी वेढा आणि त्यावर लोखंडी धाव. धाव बसवितांना मी लहानपणीं अनेकदां पाहिली आहे. लोहार गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळांत ती लालभडक तापवी. तापल्यानें ती अंमळ वाढे. मग तिघे-चौघे गडी सांडशींनीं धरून ती चाकावर घालीत, घणाचे ठोके पडत, लांकडाचा धूर निघे, आणि लगेच घागरींनीं पाणी ओतलें जाई. निवतां निवतां धाव आकसे आणि सारे सांधे करकरून आवळले जात. पदार्थविज्ञानांतील प्रसरण व आकुंचन हा धडा मीं पुढें पुष्कळ वर्षें मुलांना शिकविला, पण मला तो कळला होता तो लोहाराच्या अंगणांत.

बैलांची जी जोडी पाठीवर जेमतेम सहा मण नेई, तीच जोडी बऱ्या सडकेवर गाडींतून बारा-पंधरा मण ओढूं लागली. शेतकऱ्यास आपला माल आपण बाजारांत नेण्याची ही पहिलीच संधि होती. आठ महिने शेताला जुंपलेली जोडी रिकाम्या दिवसांत भाड्यानें जाऊं लागली आणि कुणब्याच्या घरांत रोख पैसा येण्याची एक नवी वाट उघडली.

याच काळांत डाकेचीही व्यवस्था लागत होती. हातांत घुंगुरकाठी घेऊन धांवणारा हरकारा एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर थैली पोंचवी. १८५४ सालीं टपालाचे दर अंतरावर न ठेवतां देशभर सारखे केले गेले, आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र जाऊं लागलें. माणूस जाऊं शकत नव्हता तेथें त्याचें अक्षर तरी जाऊं लागलें. पण त्यासाठीं अक्षर येणें आवश्यक होतें, ही गोष्ट अलाहिदा.

आतां लोहमार्गाकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८५६ मध्यें रूळ बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचले. घाट समोर उभा होता. परंतु कंपनीनें तो चढण्याची वाट न पाहतां वरच्या अंगास काम पुढें नेलें. १८५८ च्या जूनमध्यें खंडाळा ते पुणें मार्ग सुरू झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस भीमेजवळील डिकसळपर्यंत, १८५९ च्या ऑक्टोबरांत बार्शी रोडपर्यंत, आणि १८६० च्या आरंभीं मोहोळपर्यंत. मोहोळ व सोलापूर यांच्यामध्यें सीना नदी आडवी आहे. ती ओलांडून जूनमध्यें गाडी सोलापुरीं गेली.

ते कांहीं महिने मोहोळास काय गर्दी उडाली असेल, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. सोलापूरकडील आणि पलीकडच्या मोंगलाईंतील जो जो माल मुंबईस जावयाचा त्याला येथवर गाडी हांकावयाची. आणि मुंबईहून आलेला माल येथें उतरून पुन्हां बैलांच्या हवालीं करावयाचा. मोहोळाहून मुंबईस निघालेला प्रवासीही त्या काळीं सलग जाऊं शकत नसे. खंडाळ्यास त्यानें उतरावें, डोलींतून, तट्टावरून, गाडींतून किंवा पायीं घाट उतरावा, आणि खोपोलीस दुसऱ्या गाडींत बसावें. घाटांतील मार्ग पुरा झाला तो १८६३ मध्यें. त्यासाठीं पंचवीस बोगदे खणावे लागले. एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर तेथें राबत होते, आणि पटकीच्या सांथींत व अपघातांत किती दगावले याची नोंद कोणत्याही कमानीवर कोरलेली नाहीं. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें काम हातीं घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तो मक्ता पुढें चालविला. आमच्या देशांत त्या काळीं एका स्त्रीनें एवढें काम अंगावर घ्यावें, ही गोष्ट आमच्या मुलींना सांगण्याजोगी आहे.

लोहमार्ग येऊन वर्ष होतें न होतें तोंच, १८६१ मध्यें, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आमच्याकडील कापसाला न भूतो असा भाव आला. आमच्या बांधावरच्या बोंडाची किंमत आतां लिव्हरपूलच्या बाजारांत ठरूं लागली. युद्ध १८६५ सालीं संपलें तेव्हां भाव तितक्याच वेगानें कोसळले. हेंही रूळांवरूनच आलें. १८७१ मध्यें हा मार्ग रायचूर येथें मद्रासच्या लोहमार्गास जाऊन मिळाला. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतील लोक मजुरीसाठीं शहराकडे निघाले.

या सुधारणेचा पहिला बळी मात्र लमाण ठरला. ज्या मार्गावर आगगाडी धांवूं लागली तेथें गोणी वाहणाऱ्या बैलास कोण विचारणार? शतकानुशतकें सैन्यांना धान्य पुरविणारे हे लोक हळूहळू मजूर, गुराखी, दगड फोडणारे बनले. पुढें १८७१ च्या कायद्यानें अनेक भटक्या जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला; सोलापुरासही अशा लोकांसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. जे कधीं काळीं या देशाचें मीठ पाठीवरून वाहून आणीत, त्यांनाही देशाच्या निरनिराळ्या भागांत या संशयाची झळ लागली. रस्त्यांचा इतिहास सांगतांना ही गोष्ट गाळून चालणार नाहीं.

आतां लोहमार्गाच्या खऱ्या कसोटीचा प्रसंग आला. १८७६ सालीं पाऊस फसला आणि दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. आमचा जिल्हा त्यांत सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं होता. या वेळीं मात्र दामाजीपंतांच्या काळापेक्षां एक मोठा फरक होता. धान्य आलें! रोज मालगाड्या भरभरून आल्या, आणि स्टेशनांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या. तरीही माणसें मेलीं. असें कां व्हावें? एक तर पोत्याशेजारीं उभ्या असलेल्या माणसाच्या कनवटीला पैसा नव्हता. दुसरें, स्टेशनापासून खेड्यापर्यंत धान्य नेण्यास बैल हवे. आणि वैरणीअभावीं बैल माणसांच्याही आधीं मरत होते. मुंबईपासून मोहोळपर्यंत जवळजवळ अडीचशें मैल धान्य आलें, आणि शेवटच्या दहा-पंधरा मैलांसाठीं अडलें.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. रस्त्यांवर खडी पडली, तलाव खोदले गेले. आष्टीच्या तलावाचें काम त्यांतलेंच. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यानें मजुरी कमी करून, मोठ्या माणसास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा असा दर ठरविला. एवढ्या अन्नावर दिवसभर माती वाहणें शक्य नाहीं, म्हणून अनेक ठिकाणीं मजुरांनीं काम सोडलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. १८८१ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या आधींच्या गणतीहून कितीतरी घटलेली आढळली. आपण ज्या कांहीं जुन्या सडकांवरून आज सुखानें जातों, त्यांच्या तळाशीं त्या भुकेल्या हातांनीं फोडलेली खडी आहे.

पंढरपूरच्या यात्रेकरूंना लोहमार्गाचा लाभ लवकर झाला. परंतु तोही अर्धाच. यात्रेकरू बार्शी रोडला किंवा मोहोळास उतरत आणि पुढें गाडीनें अथवा पायीं जात. पुढें एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरानें अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रूळांची 'बारशी लाइट' काढली. ती १८९७ मध्यें बार्शीस, १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास आणि १९२७ मध्यें मिरजेस पोंचली. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली. लहानपणीं मी या गाडीनें आजीबरोबर कुर्डुवाडीहून पंढरपुरास गेलों आहें. चढ आला कीं पोरें खालीं उतरून गाडीबरोबर चालत, आणि माझी आजी खिडकींतून हात जोडून म्हणे, "इंजिनदेवा, दमानं घे रं बाबा." एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीं तेथें रुंद मार्ग झाला आणि ती चिमुकली गाडी गेली.

येथें एक परदेशचें उदाहरण देतों. कॅनडाच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांतही एके काळीं 'रेड रिव्हर' नांवाच्या लांकडी गाड्या चालत. त्यांना लोखंडाचा खिळाही नसे, आणि आंसाला वंगण लावीत नसत, कारण वंगणांत धूळ बसून चाक अडे. त्यामुळें त्यांची किंकाळी मैलभर ऐकूं जाई म्हणतात. पुढें १८८५ सालीं तेथें समुद्रापासून समुद्रापर्यंत लोहमार्ग पुरा झाला. पण तेथें आणि येथें एक भेद आहे. त्या मैदानांत युरोपांतून आलेल्या लोकांचीं पुष्कळशीं गांवें रूळ पडल्यानंतर रूळांच्या कडेनें वसलीं. आमचीं गांवें हजार वर्षांपूर्वींच नदीच्या आणि विहिरीच्या पाण्याजवळ वसलेलीं होतीं. रूळ आले ते मुंबईच्या बंदराकडे पाहत आले. आमच्या गांवांकडे पाहत नव्हे. म्हणून ज्या गांवाशेजारून ते गेले तें सुदैवी, आणि ज्याच्यापासून दूर गेले तें जेथल्या तेथें.

हें मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाहीं. आमची वस्ती मोहोळ स्टेशनापासून सात मैलांवर, काळ्या रानांत. पैकीं पांच मैल पक्की सडक. वस्तीपासून सडकेपर्यंतचे दोन मैल निव्वळ गाडीवाट. मी तिसरी-चौथींत असेन. श्रावणाचे दिवस होते आणि माझी थोरली वहिनी अडली. सुईणीनें हात टेकले. वडिलांनीं गाडी जुंपली, गाडींत कडबा व वाकळ घालून वहिनीला निजविलें, आणि मी कंदील धरून पुढें चालूं लागलों. पाव मैल गेलों नाहीं तोंच चाक तुंब्यापर्यंत रुतलें. वडिलांनीं दुसरी जोडी आणविली. चार बैलांनीं गुडघे टेकले, पण गाडी हलेना. अखेर शेजाऱ्यांनीं बाज आणली, आणि चौघांनीं ती खांद्यावर घेऊन दोन मैल तुडविले. सडकेवर येईतों उजाडलें होतें. वहिनी वांचली, मूल वांचलें नाहीं. दूर कोठें तरी मालगाडीची शिट्टी वाजली ती मला अजून आठवते. त्या स्टेशनांत आगगाडी येऊन शंभराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

१ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धांवली, आणि पुढें ती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरूं लागली. पण जेथें सडक तेथेंच एस. टी. आमच्या दोन मैलांची सोय झाली ती १९७२ च्या दुष्काळांत. त्या दुष्काळांत महाराष्ट्रभर, कामें भरांत आलीं तेव्हां, सुमारें पन्नास लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. त्यांत माझे वडील, भाऊ आणि तीच वहिनी होती. शाळा सुटली कीं मीही खडीच्या ढिगापाशीं जाऊन बसें, आणि मिळालेल्या सुकडींतला घास वहिनी आधीं माझ्या हातावर ठेवी. आमच्या वस्तीचा रस्ता त्यांनीं फोडलेल्या खडीनें झाला. काम संपलें त्या दिवशीं वहिनी त्या रस्त्यावरून अनवाणी, एकटीच, सडकेपर्यंत चालत जाऊन परत आली. कशाला गेली होतीस, असें कोणीं विचारलें नाहीं. पुढें त्याच रस्त्यानें सायकलीवरून मी हायस्कुलांत गेलों, म्याट्रिक झालों आणि मास्तर झालों.

१८७७ च्या आणि १९७२ च्या दुष्काळांत एक मोठें अंतर आहे, तेंही सांगितलें पाहिजे. पहिल्या वेळीं कामावर येणारा माणूस सरकारच्या दयेवर होता. दुसऱ्या दुष्काळाच्या अनुभवांतून महाराष्ट्रानें रोजगार हमीची योजना पुढें नेली आणि १९७७ सालीं तिचा कायदा केला. काम मागणें हा खेड्यांतील माणसाचा हक्क झाला.

आज मोहोळ हें मोठ्या रस्त्यांचें नाकें झालें आहे. पुण्याहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. आणि आळंदीहून पंढरपूरमार्गें येणारा ९६५ क्रमांकाचा पालखी महामार्ग येथें त्यास मिळतो. २००० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनें पुष्कळ गांवें डांबरी रस्त्यांनीं जोडलीं. ज्या पंढरपुरास दोन दिवस लागत तेथें आतां तासाभरांत जाऊन दर्शन घेतां येतें. या सुधारणेची किंमत कमी लेखणारा मी नव्हे. जुना काळ फार गोड होता असें म्हणणारांनीं एकदां श्रावणांत सांगडीवरून भीमा उतरून पाहावी.

परंतु गांव जोडलें गेलें म्हणजे घर जोडलें गेलें असें होत नाहीं. आमच्या भागांत शेतांतल्या वस्त्या पुष्कळ, आणि त्यांतल्या कित्येकींना अजूनही पावसाळ्यांत तीच काळी माती तुडवावी लागते. बांधावरून वाट देण्याविषयीं भावाभावांत तंटे आहेत. दोन हात जमिनीसाठीं दहा घरांची वाट अडलेली मीं पाहिली आहे. येथें दोष केवळ सरकारचा नाहीं. लमाणाच्या बैलापासून आगगाडीपर्यंत प्रत्येक साधनानें लांबचें अंतर कमी केलें. दारापासून सडकेपर्यंतचा शेवटचा कोस मात्र प्रत्येक वेळीं कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावरच राहिला.

आपण शहरांतील सुशिक्षित मंडळी रस्त्यांची प्रगति मोजतों ती येथून मुंबई किती तासांत, या हिशेबानें. तो हिशेब चुकीचा नाहीं. पण तो दुसऱ्या टोकानेंही मांडून पाहावा. पावसाळ्यांतल्या एखाद्या रात्रीं, तालुक्यांतील अगदीं शेवटच्या घरांतून निघालेली अडलेली बाई दवाखान्यास किती वेळांत पोंचते? जलद गाडी मोहोळास थांबली तर मला आनंदच होईल. परंतु या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक मिळेल, त्या दिवशीं आमच्या मोहोळच्या वाटांचा इतिहास पुरा झाला असें मी म्हणेन. माझी वहिनी आज हयात नाहीं. तिनें फोडलेल्या खडीवर आतां डांबर पडलें आहे, आणि त्यावरून शाळेच्या मुलींच्या सायकली जातात.